मामाचा गाव आणि आमची कोपी

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर बालाघाटाच्या डोंगरातील एका खेड्यात झाले. श्रमदान, बंधाऱ्याची माती, सायंकाळचे प्रबोधनपर व्याख्यान, शेवटच्या दिवशी सरपंचांचे आभार हे सर्व रिवाजाप्रमाणे पार पडले. त्याचा वृत्तांत याच अंकात अन्यत्र आलेला असेल. मला सांगायचे आहे ते निराळे आहे.

त्या गावातील निम्म्याहून अधिक घरांना कुलपे होती. दारापुढे शेणाचा सडा नाही, चुलीचा धूर नाही. ओट्यावर एखादी म्हातारी आणि तिच्या पायाशी एखादे कुत्रे. ऊसतोडीला गेलेल्यांची जी लेकरे मागे राहिली होती, ती शाळेतल्या हंगामी वसतिगृहात दोन्ही वेळ जेवत आणि रात्री आजीच्या कुशीत निजायला जात. या मुलांना रोज तासभर गोष्टी सांगण्याचे काम आमच्या सरांनी माझ्याकडे सोपविले. मी मराठीचा विद्यार्थी, तेव्हा गोष्टी मला येतच असणार असा त्यांचा समज असावा.

पहिल्याच दिवशी मी तो ठरलेला प्रश्न विचारला. मोठेपणी कोण व्हायचे? कोणी म्हणाले फौजी, कोणी पोलीस, एक मुलगी म्हणाली मॅडम. पाहुण्यांपुढे द्यायची ही पाठ केलेली उत्तरे होती. मागच्या रांगेतला तिसरीतला एक पोरगा मात्र सरळ उभा राहून म्हणाला, "मुकादम."

सगळे हसले. आमचे स्वयंसेवकही हसले. मला हसू आले नाही. त्याच्या वयाचा असताना मीही हेच उत्तर दिले असते. फरक इतकाच, की मला कोणी विचारले नव्हते. टोळीत वाढलेल्या पोराच्या डोळ्यांना मुकादम कसा दिसतो, हे ज्यांनी कोपीत रात्र काढली नाही त्यांना कळायचे नाही. सगळ्यांच्या अंगावर पाचटाने ओरखडलेले, चिकट झालेले कपडे. त्याचे कपडे धुतलेले. सगळ्यांच्या हाती कोयता. त्याच्या हाती वही आणि खिशाला पेन. अख्ख्या फडात लिहिणारा माणूस एकच, आणि तो आमची उचल लिहितो. आठ वर्षांच्या पोराने आदर्श निवडायचा तर समोर दिसणाऱ्यांतूनच निवडणार ना? त्याची निवड चुकली असे मी म्हणणार नाही. त्याला निवडायला आम्ही दुसरे काय दिले, हा माझा प्रश्न आहे.

आता थोडे स्वतःविषयी. आत्मप्रौढी म्हणून नव्हे, तर पुढचे म्हणणे त्यावाचून उभे राहणार नाही म्हणून.

मी चौथीत असताना सहामाहीला निबंध आला होता: 'माझी दिवाळीची सुट्टी'. आमच्या जिल्ह्यात दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पार कर्नाटकातील बेळगावपर्यंत लाखो माणसे जातात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की चैत्र-वैशाखात परततात. त्या वर्षी आजी आजारी होती म्हणून मी मागे राहिलो होतो. पण त्याच्या आधीच्या तिन्ही दिवाळ्या माझ्या कोपीतच गेलेल्या होत्या. नरकचतुर्दशीला पहाटे आई फडात असायची. बहीण सहा महिन्यांची होती; तिला उसाच्या सावलीत झोळीत टाकून राखण करणे हे माझे काम. ही माझी सुट्टी.

मी काय लिहिले? मी लिहिले की सुट्टीत मी मामाच्या गावाला गेलो. तेथे मोठा वाडा होता, आमराई होती, विहिरीत पोहलो, मामीने चकल्या केल्या. हे सारे मी गाइडमधून पाठ केले होते. दहापैकी नऊ गुण मिळाले. यातला विनोद मला फार उशिरा कळला. माझा मामा आमच्याच टोळीत होता आणि त्याची कोपी आमच्या कोपीला लागूनच होती. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडेच होतो! निबंध खरा लिहिला असता तरी विषयाला धरूनच झाला असता.

माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने खरा लिहिला. कोपी, थंडी, रात्री दोनला येणारा ट्रॅक्टर आणि तो भरताना बापाचा घसरलेला पाय. त्याच्या वहीवर लाल शाईने शेरा आला, 'विषय सोडून लिहिले आहे.' त्या गुरुजींना दोष देण्याचा माझा हेतू नाही. ते वाईट नव्हते, स्वतःच्या पैशाने पाट्या वाटणारे होते. पण एका लाल रेघेने आम्हा दोघांनाही एक धडा मिळाला, आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता: आपले जगणे हे लिहिण्याजोगे नाही. लिहायचे ते दुसऱ्याचे. माझा मित्र सातवीनंतर शाळेत आला नाही. त्याचे कारण तो शेरा होता असा दावा मी करणार नाही. त्याची कारणे पुष्कळ होती आणि बहुतेक पैशाची होती. पण शाळा ही आपली जागा नव्हे, येथे आपण पाहुणे, ही भावना जी मनात बसते ती अशाच बारीक बारीक गोष्टींनी बसते, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

अकरावीला आल्यावर ग्रंथालयातून लक्ष्मण माने यांचे 'उपरा' हाती लागले. १९८० साली प्रसिद्ध झालेले, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले हे पुस्तक आपल्या अभ्यासक्रमाच्या निमित्ताने सर्वांना नावाने माहीत आहे. मी ते परीक्षेसाठी उघडले नव्हते. त्यात गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारे एक कैकाडी कुटुंब आहे आणि त्या भटकंतीत शाळेत जाणारा एक मुलगा आहे. त्याची जात निराळी, धंदा निराळा, काळ निराळा. पण मुक्काम हलला की शाळा सुटते, नव्या गावी नवे मास्तर, आणि प्रत्येक वेळी दाराशी उभे राहून वाटणारा संकोच, हे माझेच होते. मी ते पुस्तक दोन रात्रींत वाचले. त्यानंतर प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' वाचले. ते तर आपल्या मराठवाड्याचे. आपल्याच बोलीतले शब्द छापील पानावर पाहून मला प्रथम लाज वाटली, मग हसू आले आणि मग काय वाटले ते नीट सांगता येत नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, 'आठवणींचे पक्षी' १९७९ चे, 'उपरा' १९८० चे, लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ चे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ही पुस्तके आलेली होती. मला ती सतराव्या वर्षी भेटली.

नेमकी येथेच माझी तक्रार आहे. सतराव्या वर्षी भेटलेल्या पुस्तकाने माणूस सावरतो, पण तोवर खोटा निबंध लिहून सात-आठ वर्षे झालेली असतात. आणि ही आत्मकथने आठ वर्षांच्या मुलाच्या हाती देता येत नाहीत. त्यांतील भूक, मारहाण, अपमान हे प्रौढांनी प्रौढांसाठी लिहिले आहे. मुलांसाठी आपण काय लिहिले? आमच्या शाळेच्या पेटीतील गोष्टींच्या पुस्तकांत मुलांना स्वतंत्र खोली असे, बाबा ऑफिसला जात आणि आई खाऊ करी. मी ती आवडीने वाचली, हेही कबूल करतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मला अतिशय प्रिय होता आणि तो तर फुरसुंगीसारख्या खेड्यातून पुण्यास शिकायला आलेला पोरगा. साने गुरुजींचा श्याम कोकणातला. मी समुद्र पाहिलेला नव्हता, तरी 'श्यामची आई' वाचताना रडलो. दुसऱ्याचे जग वाचू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. ज्या मुलाला फक्त स्वतःचेच जग वाचायला मिळते तोही दरिद्रीच. पण दहा पुस्तकांत एकही आपले नसावे, एकाही चित्रात कोपी नसावी, एकाही गोष्टीतल्या आईच्या हातात कोयता नसावा, म्हणजे मग मुलाने काय समजावे?

अमेरिकेत रुडीन सिम्स बिशप या विदुषीने १९९० साली हेच मांडले. पुस्तक मुलाला कधी खिडकी असते, तर कधी आरसा, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. त्याच्याही पूर्वी केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने लहान मुलांपुढे गोऱ्या व काळ्या बाहुल्या ठेवून कोणती चांगली असे विचारले, तेव्हा बरीच काळी मुलेही गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवीत. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविणाऱ्या १९५४ च्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात या कामाची दखल घेतली गेली. परंतु एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या घरचाच दाखला याहून बोलका आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. ती त्या वेळी ग्रंथासोबत छापली गेली नाही. तीत त्यांनी वडिलांची एक आठवण सांगितली आहे. रामजी सुभेदार घरात मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी आहे, ते आम्ही का वाचावेत, असे भीमरावांनी वडिलांना विचारले. रामजींनी दिलेल्या उत्तराचा आशय असा: आपण अस्पृश्य, म्हणून तुमच्या मनात न्यूनगंड बसण्याचा धोका आहे, तो काढण्यासाठी हे वाचा. द्रोण आणि कर्ण पाहा, लहान माणसे किती उंचीला गेली. वाल्मीकी पाहा, कोळी असून रामायणाचा कर्ता झाला.

मित्रहो, एका सुभेदाराने आपल्या पोरांसाठी केलेला हा विचार वाचून मी थक्क झालो. रोग त्यांनी अचूक ओळखला होता. औषधही हाताशी जे होते त्यातलेच दिले. पण मुलाचे समाधान झाले नाही. महाभारतातील एकही व्यक्ती आपल्या मनाला भावली नाही, असे बाबासाहेब स्पष्ट नमूद करतात. त्यांच्या मनात ठिणगी पडली ती वेगळ्याच पुस्तकाने. शाळेतील एका परीक्षेत उत्तीर्ण झाल्याबद्दल समाजबांधवांनी सभा भरविली, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. त्या भेटीचा शेवट १९५६ च्या नागपुरात कसा झाला ते मी आपणांस सांगायला नको.

या आठवणीतून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की आदर्श हा वडीलधाऱ्यांनी नेमून देऊन चालत नाही. मुलाला तो नाकारण्याचाही अधिकार हवा. आपल्या शाळांच्या भिंतींवर थोर पुरुषांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या असतात. जयंतीला हार, पुण्यतिथीला हार. मुले त्यांच्याखाली बसून बेरजा करतात आणि त्यांतला एकही माणूस आपल्यासारखा कधी तिसरीत होता, हे त्यांना कोणी सांगत नाही. दुसरी गोष्ट, केळुसकरांनी पुस्तक दिले ते हातात दिले. कपाटात ठेवले नाही.

कपाटाचा उल्लेख मी मुद्दाम केला. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. अनुदानावर चालणारी ग्रंथालये आपल्याही तालुक्यात आहेत. बालवाङ्मयाचे कपाट बहुतेक ठिकाणी असते आणि मी पाहिली त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी ते बंद असते. विचारले तर उत्तर मिळते, "पोरं फाडतात हो." मला विचाराल तर ज्या गावातील गोष्टीची पुस्तके वाचून वाचून फाटली आहेत, त्या गावाला पुरस्कार द्यावा.

आता आदर्शांविषयी. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी मी मुलांना अविनाश साबळे यांची हकीकत सांगितली. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी रौप्यपदक घेतले. पुढे एक केनियाचा, मागे एक केनियाचा आणि मधे आपला गडी. ८ मिनिटे ११.२० सेकंद. पहिला आलेला किबिवोट अवघ्या पाच शतांश सेकंदाने पुढे. २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी. हे मी सांगत होतो तोवर पोरे चुळबुळत होती. ऑलिंपिक, बर्मिंगहॅम ही नावे त्यांच्या लेखी आकाशातली. मग मी म्हणालो, "हा माणूस मांडव्याचा, आष्टी तालुक्यातला. आईबाप वीटभट्टीवर राबलेले." एकदम शांतता. एक पोरगी म्हणाली, "मांडवा म्हंजी आपल्या आष्टीचा मांडवा?" तिची मावशी त्या बाजूला दिलेली होती. त्यानंतर शतांश सेकंद म्हणजे किती, याच्यावर पंधरा मिनिटे वाद झाला. गावाचे नाव कळल्यावर मग बर्मिंगहॅमही कळले.

तथापि येथे एक धोका आहे आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. साबळे यांच्यासारख्यांचे नाव घेऊन 'तो झाला, मग तुला काय धाड भरली?' असे म्हणण्याची आपल्याकडे फार हौस. असा आदर्श मुलाला उभा करीत नाही, आणखी वाकवतो. लाखातून एक पदकापर्यंत जातो. उरलेल्यांनी काय करावे? म्हणून मला वाटते की मोठ्या नावांबरोबर हाताच्या अंतरावरची माणसेही मुलांना दिसली पाहिजेत. टोळीतून शिकून परिचारिका झालेली, एस.टी.त कंडक्टर झालेली, बँकेत लागलेली. अशी माणसे आमच्या तालुक्यात आहेत. शाळा त्यांना बोलावीत नाहीत, कारण त्यांना हार घालायला फोटोग्राफर येत नाही.

आणखी एक नाव मला घ्यावेसे वाटते. एकनाथ आवाड आपल्याच जिल्ह्यातील दुकडेगावचे. मातंग समाजातील पोतराजाचा मुलगा. बापाच्या डोक्यावरच्या जटा त्यांनी स्वतः कापल्या, मानवी हक्क अभियान उभे केले आणि 'जग बदल घालुनी घाव' हे आत्मचरित्र लिहिले. २०१५ साली ते गेले. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना आता हे पुस्तक इंग्रजीतूनही वाचायला मिळते. पण आमच्या वर्गातील चाळीसांपैकी किती जणांनी त्यांचे नाव ऐकले आहे, हे मी हात वर करायला सांगून पाहिले. सहा हात वर आले.

या विषयावर शिबिरात चर्चा झाली तेव्हा आमच्या एका प्राध्यापकांनी रोखठोक प्रश्न केला. ऊसतोड थांबली पाहिजे, जिल्ह्यात पाणी आणि काम आले पाहिजे. ते सोडून गोष्टीची पुस्तके कसली वाटता? सरांचे म्हणणे खरे आहे. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, २०२१ पासून शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आणली; तरी दसऱ्याला गाड्या लागतातच. पुस्तकाने उचल फिटत नाही. पण ज्या दिवशी ऊसतोड थांबेल त्या दिवसापर्यंत या मुलांचे बालपण थांबून राहणार नाही. आजचा तिसरीतला पोरगा पुढच्या वर्षी चौथीत जाईल आणि त्याला दिवाळीच्या सुट्टीवर निबंध येईल.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. तो माझ्या आईचा. शिबिरानंतर मी फडावर गेलो होतो. रात्री कोपीत जेवताना मी तिला म्हणालो, "माय, तुमच्या कामावर लेकरांसाठी गोष्ट लिहायचा विचार आहे." ती भाकरी थापता थापता थांबली.

"त्याच्यात काय लिवायचं रे? ऊस तोडला, मोळी बांधली, गाडी भरली. झालं."

"तेच लिहायचंय."

"नगं बाबा. लेकरं शाळंत जातेत ते हे इसरायला. तू पुन्हा कोयताच त्यांच्या पुढ्यात आणून ठिवतो का?"

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. आजही पुरते सुचलेले नाही. तिच्या बोलण्यात तीस वर्षांचा शीण आहे, तो माझ्या युक्तिवादाने जाणार नाही. एवढेच म्हणेन की विसरणे वेगळे आणि लपविणे वेगळे. मी चौथीत विसरलो नव्हतो, लपविले होते. लपविण्यात फार शक्ती जाते. ती अभ्यासात गेली असती तर बरे झाले असते.

माझी सूचना छोटी आहे. आपल्या महाविद्यालयात मराठीचे, चित्रकलेत गती असलेले, सुवाच्य अक्षराचे विद्यार्थी आहेत. वर्षाला एक शिबिर होतेच. दिवाळी ते होळी या काळात जवळच्या तीन-चार हंगामी वसतिगृहांत आपण महिन्यातून एकदा जावे. सोबत पन्नास पुस्तकांची पेटी न्यावी, कुलूप न लावता. १९७१ पासून बालभारती काढीत असलेल्या 'किशोर'चे जुने अंक रद्दीत स्वस्त मिळतात, तेही न्यावेत. आणि मुख्य म्हणजे मुलांनी सांगितलेली हकीकत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी, तिचे भित्तिपत्रक करावे आणि ते त्यांच्याच शाळेच्या भिंतीवर, तसबिरींच्या ओळीत लावावे. शुद्धलेखन सुधारावे, बोली सुधारू नये. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातील मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिच्या वहीवर कोणी 'विषय सोडून' असा शेरा मारला नाही, हे आपले भाग्य.

शिबिराच्या शेवटच्या रात्री आम्ही असे एक भित्तिपत्रक केलेही. 'मुकादम' म्हणणाऱ्या त्या पोराने आपल्या आईबापांच्या कामाची हकीकत सांगितली, मी लिहून घेतली, आमच्या एका मित्राने बाजूला चित्र काढले: उसाचा फड, कोपी, डोक्यावर मोळी घेतलेली बाई. सकाळी ते भिंतीवर डकविले. पोरे भोवती जमली. तो मुलगा बराच वेळ कपाळाला आठ्या घालून चित्राकडे पाहत राहिला. मला वाटले, याला आवडले नाही.

"दादा," तो म्हणाला, "हे चुकलंय."

"काय चुकलं?"

"मोळीला दोरी काढली तुमी. मोळी दोरीनं नाही बांधत. वाढ्यानंच बांधतेत."

खरेच होते. आणि हे मला ठाऊक असायला हवे होते. मी लहानपणी आईला वाढे वेचून देत असे. माझा मित्र शहरातला, त्याला माफ आहे. मी कागद भिंतीवरून काढला, खोडरबर मागितले. पोराने ते माझ्या हातून घेतले आणि दोरी स्वतःच पुसली.